धूर दिसला, काढा इंजिन!

आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. पर्वतावर धूर दिसतो, त्या अर्थी तेथे अग्नी असला पाहिजे. जसा तो स्वयंपाकघरात असतो. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी हे उदाहरण घोकत आले. आमच्या कल्याणच्या गॅरेजांतून मात्र एक नवेच न्यायशास्त्र जन्माला आले आहे. गाडीमागे धूर दिसतो, त्या अर्थी इंजिन गेले असले पाहिजे! याला ना दृष्टान्त, ना पडताळा. पुढे येतो तो थेट खर्चाचा अंदाज. या न्यायशास्त्राशी मला आज भांडावयाचे आहे. फराळाच्या ताटाशेजारी डिझेलचा वास कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी थोडा धीर धरावा. या भांडणात मी त्यांच्या स्वयंपाकघरालाच साक्षीला बोलावणार आहे.

भांडणाचे निमित्त आमच्या शेजाऱ्यांची पिकअप. गाडीचे वय अठरा वर्षे. जाताना किराणा भरून मुरबाडवरून माळशेज घाट चढावयाचा आणि ओतूर-आळेफाट्याकडे माल उतरवावयाचा. येताना भाजी भरून पहाटेच्या आत कल्याणच्या बाजार समितीत हजर व्हावयाचे. चार माणसांचे पोट या गाडीवर. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ती घाटात काळाकुट्ट धूर ओकू लागली आणि ओढीत मेली. शेजारी तिला एका गॅरेजात घेऊन गेले. तेथल्या मिस्त्रीने दोनदा रेस दिली, मागे वळून पाहिले आणि निकाल दिला, "काका, रिंगा गेल्या. इंजिन बांधावं लागेल." आकडा साठ हजारांचा. त्या रात्री शेजाऱ्यांच्या घरात वहिनींच्या पाटल्यांवर बोलणे झाले. भिंत पातळ आहे. आम्हांला ऐकू आले.

आता स्वयंपाकघरात चला. ज्या घरी वातीचा स्टोव्ह होता, तेथील कोणत्याही बाईला विचारा. वात फार वर काढली की काजळी धरते, भांड्याचे बूड काळे होते. इंधन जास्त, वारा कमी, म्हणून धूर काळा. चकल्यांचे तेल फार तापले की कढईवर निळसर धूर तरंगतो आणि घशात खवखवते. तेल जळते, म्हणून धूर निळा. चुलीत ओली लाकडे घातली की पांढरा धूर कोंदतो आणि डोळे झोंबतात. जळण पेटतच नाही, नुसते धुमसते. कुकरच्या शिट्टीतूनही पांढरेच काही निघते. पण ती वाफ, तिला धूर कोणी म्हणत नाही. या चार गोष्टी ज्या बाईला कळतात, तिने धूर दिसला म्हणून चूल फोडल्याचे मी तरी ऐकलेले नाही. ती वात खाली करते, आच कमी करते, लाकूड बदलते.

डिझेलचे इंजिन याहून फारसे निराळे नाही. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली आपले पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखविले, तेव्हापासून त्यातले तत्त्व एकच आहे. हवा इतकी दाबावयाची की ती पाचशे अंशांवर तापावी. मग तीत डिझेलचा बारीक फवारा सोडावयाचा. तो ठिणगीवाचून पेटतो. म्हणजे चार गोष्टी जमल्या पाहिजेत: हवा पुरेशी, फवारा बारीक, वेळ अचूक आणि दाब भक्कम. यांपैकी काय बिघडले, ते धूर आपल्या रंगाने सांगत असतो.

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर तुंबलेला असेल, नॉझल फवारा मारण्याऐवजी ठिबकत असेल, टर्बोची नळी फुटलेली असेल, पंपाचा स्क्रू कोणी 'ओढ वाढावी' म्हणून पिळलेला असेल, किंवा मालकाने गाडीच्या पेलण्याबाहेर माल भरला असेल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. तेथेही रिंगांवर एकदम आळ घेऊ नये. डिपस्टिक पाहावी, ऑइल मर्यादेबाहेर भरलेले असू शकते. व्हॉल्व्हचे सील असू शकतात, टर्बोचे सील असू शकते. चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण हलकेच उघडून पाहावे. तेथून भकाभक वारा येत असेल, तर रिंगा-लायनरची शंका घ्यावी, आणि मग कॉम्प्रेशन मोजून ती पक्की करावी. पांढऱ्याच्या दोन जाती. डोळे झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास येणारा धूर हा ओल्या लाकडाचा भाऊ. त्यात थंड इंजिन, निकामी ग्लो प्लग, मागे पडलेले टायमिंग किंवा कमी दाब हे संशयित. दुसरी जात वाफेची. पावसाळी सकाळी दोन-चार मिनिटे दिसून ती विरली, तर चिंता नको. पण गाडी तापल्यावरही ती राहिली, वास गोडसर आला, रेडिएटरचे पाणी घटू लागले, तर हेड गॅस्केट तपासावे आणि तोवर गाडी हाकू नये.

आता सांगा, शेजाऱ्यांच्या गाडीचा धूर काळा होता. मग निळ्या धुराचा गुन्हा तिच्यावर कसा लादला गेला?

ही विद्या या गावाला परकीही नव्हे. कल्याणला आगगाडी आली १८५४ साली. या गावात वाफेच्या इंजिनांवर घाम गाळलेल्या माणसांची घरेच्या घरे होती. माझे वडील फायरमन होते. धुराड्यातून काळे लोट निघू लागले की ड्रायव्हर त्यांच्याकडे रोखून पाही, आणि वडील ओशाळत. कारण तो काळा लोट म्हणजे न जळता हवेत उधळलेला कोळसा. फावडे जरा आवरावयाचे, वारा जरा वाढवावयाचा, की लोट विरळ होई. इंजिन खोलण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे. त्याच गावात आज धुराचा रंग पाहण्याइतकीही सवड कोणाला नाही.

कोणी म्हणेल, धुराची परीक्षा तर सरकारच करवते. करवते खरी, पण ती कसली, हे पाहा. पीयूसी केंद्रावर गाडी उभी करून रेस देतात आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते यंत्र मोजते. भारत स्टेज चारपूर्वीच्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिज एककांपर्यंत मुभा आहे. धूर किती, एवढेच ते यंत्र सांगते. का, हे सांगणे त्याचे काम नव्हे. ताप किती हे थर्मामीटर सांगतो, म्हणून त्याला कोणी डॉक्टर म्हणत नाही. आमचे चतुर लोक मात्र परीक्षेपुरता पंपाचा स्क्रू ढिला करतात, कागद खिशात घालतात आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा पिळतात. कागद निरोगी, गाडी आजारी! आणि हा आजार गाडीपुरता राहत नाही. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच दिला आहे. पत्री पुलाच्या चढावर पिकअपमागे अडकलेल्या स्कूटरवर पुढे उभे असलेले पोर तो धूर पिते, त्याला पीयूसीचा कागद वाचता येत नाही.

दुसरे म्हणतील, जुन्या गाड्या भंगारात घाला, म्हणजे प्रश्नच मिटला. जी खरोखर संपली, ती घालावी. तिच्यासाठी मी रडणार नाही. पण संपली की नाही हे ठरविणार कोण? रंग न पाहणाराच ना? १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाच्या गाड्या येऊ लागल्या. त्यांच्या डिझेल इंजिनांना काजळी गाळणारे फिल्टर आहेत. ते काजळी अडवतील. फिल्टरआधीचा दोष बरा करणार नाहीत. तपासण्याची सवय गेलेल्या समाजाला नवी गाडीही जुन्याइतकीच महाग पडेल.

इतका वेळ मिस्त्रीला झोडपले. आता खरा आरोपी सांगतो. तो म्हणजे आपण, गिऱ्हाइके! डॉक्टरने नाडी पाहिली, छाती तपासली आणि 'काही झालेले नाही' असे सांगितले, तरी आपण त्याची फी देतो. मिस्त्रीने अर्धा तास इंजिनाशी कान लावून 'फक्त फिल्टर बदला' असे सांगितले, तर आपण त्याच्या हातावर फिल्टरचे पैसे ठेवतो आणि वर म्हणतो, "तू केलंस काय?" हात चालविल्याचे पैसे, डोके चालविल्याचे नाहीत, हा आपला दर. मग त्याने पोट भरण्यासाठी इंजिन उतरवले, तर नवल ते काय? ज्या कल्याणात आनंदीबाई जोशी वाढल्या, ज्या मुलीने समुद्र ओलांडून १८८६ साली डॉक्टरची पदवी घेतली, त्या गावाने तरी निदानाची किंमत ओळखावयास हवी होती.

शेजाऱ्यांना आम्ही एका म्हाताऱ्या फिटरकडे नेले. त्याने पाना हातात घेण्यापूर्वी चारच प्रश्न विचारले. धूर कोणत्या रंगाचा? केव्हा येतो, गार असताना की चढावर? वास कसा? ऑइल-पाणी घटते काय? मग एअर फिल्टर काढून उन्हात धरला. कांद्याची साले आणि रस्त्याची धूळ यांनी तो इतका गच्च भरला होता की पलीकडचा उजेड दिसेना. चारांपैकी एक नॉझलही ठिबकत होता. इंजिन बांधून हे दोन्ही तसेच ठेवले असते, तर नव्या रिंगांमागूनही काळाच धूर निघाला असता. खर्च किती झाला ते सांगत नाही. वहिनींच्या पाटल्या हातातच आहेत. म्हाताऱ्याने मात्र तपासणीचे म्हणून काही मागितले नाही. शेजाऱ्यांनी वेगळ्या नोटा पुढे केल्या, तेव्हा तो गोंधळून म्हणाला, "हे कशाचे?"

हा प्रश्न त्याला पुन्हा पडू नये, एवढीच माझी मागणी आहे. यंदा पाडव्याला गाडीला हार घालाल, तेव्हा ती एकदा चालू करून मागे उभे राहा आणि धुराचा रंग पाहा. तो बिघडलेला दिसला, तर मिस्त्रीकडे जा आणि पहिले वाक्य हे बोला: "आधी तपास. तपासण्याचे पैसे वेगळे देईन."