थेट पाईपलाईननंतर

काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईनने नोव्हेंबर २०२३ मध्ये कोल्हापूरच्या पुईखडी शुद्धीकरण केंद्रावर पोहोचलं. कोल्हापूरकरांनी त्यासाठी कित्येक वर्षं आंदोलनं केली होती. शहराला पाणी देणाऱ्या पंचगंगा नदीत जयंती आणि दुधाळी नाल्याचं सांडपाणी मिसळत असताना धरणातून थेट पाणी मागणं गैर नव्हतंच. पण धरणातलं पाणी स्वच्छ म्हणून नळातलंही स्वच्छ, असं नसतं.

आपल्याकडे नळाला पाणी ठराविक वेळीच येतं. उरलेल्या वेळात वाहिनी रिकामी राहते, दाब उतरतो, आणि गळक्या सांध्यातून शेजारच्या गटारीचं पाणी आत ओढलं जातं. शुद्धीकरण केंद्राचा अहवाल कितीही चोख असो, रोगजंतू शिरतात ते केंद्रानंतर. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. काविळीला कारणीभूत ठरणारा हिपॅटायटिस ई हा विषाणू मुख्यतः मैलामिश्रित पाण्यातून पसरतो, आणि गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो.

भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू एकही सापडता कामा नये. निर्जंतुकीकरणानंतर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. ते तपासायला साधी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी पुरते: थेंब टाकायचे, पिवळा रंग बघायचा. (आपण मात्र टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा, आकडा बघून खूश होतो, जंतू त्यात दिसतच नाहीत.) ही क्लोरीनची चाचणी टाकीपाशी नव्हे, गल्लीतल्या शेवटच्या नळावर व्हावी आणि तिचे आकडे महापालिकेने प्रभागवार रोज जाहीर करावेत, अशी आमची मागणी आहे.