सही करण्याआधी



बारावीचा निकाल लागला की गोंदियात घरोघरी तोच विषय: मुलीने बी.कॉम. करावं की वकिली? बी.कॉम. एलएल.बी. या पाच वर्षांच्या पदवीत दोन्ही होतं. आधी बी.कॉम. आणि मग एलएल.बी. म्हटलं तर तीन आणि तीन, सहा वर्षं जातात. तरी "पाच वर्षं? मग लग्न कधी?" हे येतंच. (मुलाला कुणी विचारत नाही, ते असो.)

मला तर ही पदवी आपल्यासारख्या व्यापारी घरांसाठीच वाटते. राइस मिल असो की कापडाचं दुकान, आपल्यात अनेकांकडे एचयूएफचं खातं असतं. त्याचा प्राप्तिकर वेगळा भरायचा, ते काम हिशेबाचं. त्यात वाटा कुणाचा, हे मात्र हिंदू वारसा कायदा ठरवतो आणि तो जैनांनाही लागू आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मापासून मुलाइतकीच हक्कदार झाली. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरीही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. आपल्यापैकी किती जणींना हे ठाऊक आहे? "इथे सही करा" म्हटलं की आपण करतो.

परिग्रह-परिमाण व्रतात संपत्तीची मर्यादा ठरवायची असते. आपल्या नावावर काय आहे हेच माहीत नसेल, तर मर्यादा कशाला घालणार?

लेक यंदा बारावीला असेल तर विधी सीईटीचा अर्ज भरू द्या. नागपूर काही परदेशात नाही.