मूल्यमापन : सर्वांचे कर्तव्य

भिवंडीच्या यंत्रमागावरील कापडाचा दोष तागा उतरल्यावर लक्षात आला, तर तोवर सूत खर्ची पडलेले असते. म्हणून जाणता कारागीर विणतानाच धाग्यावर नजर ठेवतो. उच्च शिक्षणात मात्र हा साधा विवेक विसरला जातो. परीक्षा विद्यापीठाची, गुण परीक्षकाचे, असे म्हणून इतर सारे मोकळे होतात.

भिवंडी-कल्याण मार्गावरील टेमघरचे विद्यार्थी भिवंडीत शिकोत, कल्याणला अथवा ठाण्याला. बहुतेकांची पदवी मुंबई विद्यापीठाचीच असते. २०१७ साली या विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच वेळी सर्वत्र लागू केली. निकाल महिनोन्महिने रखडले, अनेकांचे पुढील प्रवेश अडचणीत आले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. वस्तुतः महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत निकाल लागला पाहिजे. परीक्षेच्या कामात साहाय्य करणे प्रत्येक अध्यापकावर बंधनकारक आहे. जबाबदारी कायद्यानेच वाटून दिलेली आहे. ती एकाच पदावर लोटल्याने विद्यार्थ्याचे गेलेले दिवस परत येत नाहीत.

निकाल वेळेवर लागला, तरी कर्तव्य संपत नाही. विद्यार्थ्याला विषय किती उमगला, हे वर्गात रोज शिकवणाऱ्या अध्यापकाइतके कोणास कळणार? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनावर भर दिला आहे. परंतु अंतर्गत गुण सर्वांना सरसकट वाटले आणि प्रकल्प न वाचताच स्वाक्षरी झाली, तर ते धोरण कागदावरच राहील. तपासलेली वही चुका दाखवून परत मिळाली, तरच विद्यार्थी सुधारतो.

विद्यार्थ्याचाही यात वाटा आहे. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा त्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला. हा हक्क केवळ गुण वाढवून घेण्यासाठी नाही. आपले कोठे चुकले, हे समजून घेण्यासाठीही तो वापरावा.

आणि घर? निकालाच्या दिवशी गुण विचारणारे पालक पुष्कळ असतात. सत्राच्या मध्यावरच मुलाला ‘काय समजले, काय अडले?’ असे मायेने विचारणारे पालक हवेत. दोष वेळीच दिसला, तर धागा तेथेच सांधता येतो.