कुणाकुणाला खूश करणार?

बँकेतला निरोप समारंभ ठरल्या चालीने होतो. शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ, कागदी डिशमध्ये वेफर्स आणि पेढा, आणि शाखाधिकाऱ्यांच्या भाषणातले ते हमखास वाक्य : ‘आता साहेबांना आपले छंद जोपासायला भरपूर वेळ मिळेल.’ वाक्य सद्भावनेने उच्चारलेले असते, टाळ्याही पडतात. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. माणसाचे खरे काम संपले. आता उरला तो नुसता वेळ, आणि तो कसातरी घालवायचा आहे, हे ते गृहीत. म्हणूनच साठीनंतर कुणी तैलरंगांच्या ट्यूब आणि कॅनव्हास घरी आणला की घरातली मंडळी कौतुकाने सांगतात, ‘बाबांचा वेळ छान जातो.’ वेळ जातो, एवढेच त्या चित्रांचे मूल्यमापन. चित्राकडे मात्र कुणी पाहत नाही.

माझी तक्रार या कौतुकाविषयी आहे. उतारवयात ब्रश हाती धरणारे बहुतेक जण विरंगुळा म्हणून चित्रे काढतात आणि त्यात गैर काही नाही. पण त्यांतल्या एखाद्याला काही सांगायचे असते. तीस-चाळीस वर्षे ते त्याने कुणाला सांगितलेले नसते. कदाचित स्वतःलाही नाही. अशा माणसाला ‘वेळ छान जातो ना?’ असे विचारणे म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावून घेणे होय.

या संदर्भात मला भूपेन खख्खर वारंवार आठवतात. आधुनिक भारतीय चित्रकलेत हे नाव आज फार मोठे आहे; पण मला ते जवळचे वाटते ते वेगळ्या कारणाने. ते हिशेबनीस होते, रीतसर चार्टर्ड अकाउंटंट. १९३४ साली मुंबईत एका गुजराती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले. बालपण खेतवाडीत, म्हणजे गिरगावच्या त्या दाट वस्तीत, जिथे मराठी आणि गुजराती एकाच जिन्यावर ऐकू येतात. मुलाने शिकावे, आकडेमोडीच्या सुरक्षित धंद्यात पडावे, ही अशा घरातली साधी अपेक्षा. ती त्यांनी पुरी केली. चित्रकलेची हौस संध्याकाळच्या वर्गांवर भागवली. १९५८ च्या सुमारास गुलाममोहम्मद शेख यांची ओळख झाली आणि त्यांच्या प्रोत्साहनाने १९६२ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, खख्खर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात दाखल झाले. तिथेही अभ्यासक्रम घेतला तो कलासमीक्षेचा. रंग कसे लावायचे हे ते स्वतःच शिकले. आणि चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही एका कारखान्यातली अर्धवेळ हिशेबनिसाची नोकरी त्यांनी कित्येक वर्षे सोडली नाही.

सुरुवातीला त्यांनी देवादिकांची बाजारात मिळणारी छापील चित्रे कापून, चिकटवून चित्रे केली. ही छापील चित्रे आपल्या परिचयाची आहेत. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या परंपरेतले लक्ष्मी-सरस्वतीचे कागद आपल्या घराघरांत, पेढीपेढीवर लागले. उच्चभ्रू कलाविश्वाने ज्यांना नाक मुरडले, तेच खख्खरांनी उचलले. मग सत्तरीच्या दशकाच्या आरंभी आली तैलरंगातली ती प्रसिद्ध माणसे : ‘जनता वॉच रिपेअरिंग’, ‘डिलक्स टेलर्स’, ‘बार्बर्स शॉप’, आणि एका चित्रात चक्क एक सहायक हिशेबनीस. घड्याळजी, शिंपी, न्हावी, कारकून. शरीरे जराशी ताठ, चेहरे कोरे, रंग दुकानाच्या पाटीसारखे सपाट.

मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढली. ही माणसे मला रोज भेटत. खाते उघडण्याच्या अर्जावर ती स्वतःचा फोटो चिकटवत, आणि त्या फोटोत त्यांचे चेहरे नेमके असेच असत : श्वास रोखलेले, कॅमेऱ्याकडे सरळ पाहणारे, आपल्याकडून काही चूक होऊ नये या काळजीत. कलाशाळेत तयार झालेल्या डोळ्याला खख्खरांचे रेखाटन कच्चे वाटेल. मला ते अचूक वाटते. त्या ताठपणात आमच्या खातेदारांचा सगळा संकोच आणि सगळी अब्रू आहे.

तरीही इथवर खख्खर दुसऱ्यांची चित्रे काढत होते. स्वतःविषयी एक गोष्ट त्यांनी कॅनव्हासवर उघडपणे आणली नव्हती. ते समलिंगी होते. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात हा शब्द उच्चारणे शक्य नव्हते आणि कायद्याच्या लेखी तो गुन्हा होता. १९८० साली त्यांची आई वारली. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, त्यांनी ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे चित्र पूर्ण केले. सज्जात एक माणूस नग्न उभा आहे. पाहणाऱ्यांकडे त्याचे फारसे लक्ष नाही; तो खाली गावाकडे बघतो आहे. आणि गावात चालली आहे आपण सर्वांनी शाळेत वाचलेली गोष्ट : बाप, मुलगा आणि गाढव. बाप बसला तर लोक हसतात, मुलगा बसला तर हसतात, दोघे बसले तर बोल लावतात. सगळ्यांचे ऐकता ऐकता शेवटी गाढवच हातचे जाते.

चित्रकार तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. रंग हाती धरून जवळजवळ दोन दशके झाली होती. म्हणजे हात केव्हाच तयार होता. अडलेले होते ते तोंड. इथेच आपल्या हौशी चित्रकारांची आणि त्यांना सल्ले देणाऱ्यांची गल्लत होते. ‘आणखी थोडा सराव करा, छाया-प्रकाश सुधारा, मग तुमची शैली सापडेल’ असे आपण सांगतो. शैली सरावाने येते. सूर येतो तो जे लपवले ते बोलायची तयारी झाल्यावर. ती तयारी विशीत क्वचितच होते. कुणाला खूश ठेवायचे आहे त्यांची यादी तेव्हा फार लांब असते : आईवडील, साहेब, सासर, शेजार. वयाबरोबर ती यादी आपोआप आखूड होते. उतारवयाचे भांडवल रिकामा वेळ हे नाही. आखूड झालेली यादी हे आहे.

तैलरंग हे माध्यमही या वयाला मानवणारे आहे. जलरंग चूक सहसा माफ करीत नाही. तैलरंगातले जवसाचे तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून सावकाश घट्ट होते. थर जाड असेल तर आठवडेही लागतात. तोवर सुरीने खरवडावे, पुसावे, पुन्हा लावावे. नियम एकच : खालचे थर कमी तेलाचे, वरचे अधिक तेलाचे, उलट केले तर चित्राला पुढे भेगा पडतात. आमच्या खातेवहीत खाडाखोड चालत नसे. चुकलेला आकडा वाचता येईल अशी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहून सही करायची. तैलचित्रात मत बदलायची मुभा आहे, मात्र घाईची नाही. साठ वर्षे जगलेल्या माणसाला हा व्यवहार समजायला जड जाऊ नये.

खख्खर सत्तेचाळीसाव्या वर्षी थांबले नाहीत, हेही महत्त्वाचे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस त्यांना कर्करोग झाला. त्यानंतरची त्यांची चित्रे पूर्वीच्या खट्याळ, गोड रंगांच्या चित्रांहून वेगळी आहेत. फाटलेली, रक्ताळलेली शरीरे. २००१ सालच्या एका चित्राचे नावच मुळी पोटात लागलेल्या गोळीवर आहे. साठी उलटल्यावर त्यांना नव्याने काही सांगायचे होते, आणि जुन्या यशाची नक्कल न करता त्यांनी ते सांगितले. २००३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. कलम ३७७ खाली प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा मानणे सर्वोच्च न्यायालयाने थांबवले ते २०१८ साली. त्यांनी आपले चित्र कायद्याची वाट पाहत ठेवले नाही.

यावर कुणी म्हणेल, खख्खर प्रतिभावंत होते, आमच्या शेजारच्या काकांचे काय? प्रश्न रास्त आहे. पण प्रतिभा आधी ओळखू येत नाही, हीच तर अडचण आहे. पॅरिसच्या जकातखात्यातला आंरी रूसो चाळिशीत चित्रांकडे वळला, १८९३ साली एकोणपन्नासाव्या वर्षी नोकरी सोडली, फ्रान्सबाहेर पाऊल न टाकता घनदाट जंगले रंगवली आणि जन्मभर हसे करून घेतले. आज ती चित्रे जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. खुद्द खख्खरांचे मोठे प्रदर्शन २०१६ साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये भरले. तेव्हाही तिथल्या एका दैनिकाच्या समीक्षकाने त्यांना झोडपून काढले. प्रदर्शनाचे नाव ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हेच होते, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

आणि काकांइतकाच प्रश्न काकूंचा आहे. निवृत्त पुरुषाला निदान बाल्कनीचा कोपरा मिळतो. बाई पन्नाशीत कॅनव्हास घेऊन बसली, की टर्पेंटाइनच्या वासावरून आणि स्वयंपाकाच्या वेळेवरून घरात कुरबूर सुरू होते. तिला निवृत्तीच नसते. चित्र ओले असते, चार दिवस ते भिंतीला टेकून राहणार, एवढी जागा घराने द्यायला काय हरकत आहे? गावोगावच्या वाचनालयांच्या आणि नगरपालिकांच्या सभागृहांच्या भिंती कित्येकदा मोकळ्या असतात. त्यांवर महिनाभर अशी चित्रे लागली तर खर्च खिळ्यांचा.

उतारवयात रंगवणाऱ्यांनाही एक विनंती. कॅलेंडरवरचा हिमालय आणि मोबाइलवरचा सूर्यास्त यांच्या नकला पुरे झाल्या. तुम्ही गिरणी पाहिली, चाळ पाहिली, कचेरी पाहिली, घरातली न बोललेली भांडणे पाहिली. ते तुमच्याशिवाय कोण रंगवणार? आणि आपण घरच्यांनी करायचे ते एवढेच : ‘छान आहे’ म्हणून पुढे जाऊ नये. दोन मिनिटे चित्रासमोर थांबावे आणि विचारावे, हा माणूस असा पाठ फिरवून का बसला आहे?