‘मी’ गळाल्याची खूण

‘मी कोण?’ हा प्रश्न खानदेशात आज पुन्हा मोठ्याने विचारला जातो आहे. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या गावांत ध्यानाची शिबिरे भरतात आणि मोबाइलवर आत्मसाक्षात्काराची प्रवचने दिवसरात्र ऐकली जातात. मुले मार्गी लागलेले निवृत्त शिक्षक त्यात आहेत, दुकान नीट चालवणारे व्यापारी आहेत आणि स्पर्धा परीक्षांच्या रेट्यात दमलेले तरुणही आहेत. नाव, जात, हुद्दा, घर, मालमत्ता एवढ्यात आपण संपत नाही, असे त्यांना मनापासून वाटते. ही ओढ खरी आहे. तिची टिंगल करणे सोपे असले तरी ते योग्य नाही. मात्र या ओढीबरोबर एक अवघड प्रश्न येतो. कुणी म्हणाले, ‘मला जाग आली, माझा अहंकार गेला’, तर ते खरे की भास, हे ओळखायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला हिमालयात जाण्याची गरज नाही. तापीच्या खोऱ्याने सातशे वर्षांत त्यावर खोल विचार केला आहे, आणि त्यातून एक साधी कसोटी हाती लागते. स्वरूपाची ओळख झाली की नाही, हे साधकाच्या अनुभवाच्या वर्णनावरून ठरत नाही. ‘मी’ बाजूला झाल्यावर तो दुसऱ्याशी कसा वागतो आणि आपले काम कसे करतो, यावरून ते ठरते.

मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव हे गाव आहे. तिथले प्राचीन दगडी मंदिर योगी चांगदेवाचे नाव आजही सांगते. चांगदेव चौदाशे वर्षे जगला, वाघावर बसून आला, या कथा श्रद्धेच्या आहेत आणि त्या तशाच राहू द्याव्यात. विचाराच्या दृष्टीने त्यातला पत्राचा प्रसंग मोलाचा आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसलेला हा सिद्ध योगी मायन्यापाशीच अडला. समोरचा वयाने लहान, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने तो मोठा. नमस्कार लिहावा, तर आपले वय आणि आपली तपश्चर्या आड येते. शेवटी त्याने कोराच कागद पाठवला. एवढे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाली, असे परंपरा सांगते.

सिद्धी हाती आल्या होत्या, तरी आपण मोठे की लहान हा हिशेब सुटला नव्हता. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी दिलेले उत्तर म्हणजे पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’. दिसणारे जग, ते पाहणारा आणि पाहण्याची क्रिया हे तीन वेगळे वाटतात, पण मुळात एकच वस्तू आहे, हा तिचा गाभा. त्यासाठी ज्ञानेश्वर आरशाचा दाखला देतात. आरशापुढे उभे राहिले की चेहरा समोर दिसतो, म्हणून चेहरे दोन होत नाहीत, आणि आरसा नसला तरी चेहरा जागच्या जागी असतोच. पुढे मिठाचा दाखला येतो. पाण्याची खोली मोजायला गेलेले मीठ स्वतःच विरघळून गेले, तर माप घ्यायला उरणार कोण? आत्मज्ञानाविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात याहून नेमके फार थोडे असेल. ‘मला अनुभव आला’ असे सांगणारा ‘मी’ शाबूत असेल, तर मोजणी अजून चालूच आहे.

या कथेचा उत्तरार्ध आपण घाईने वाचतो. मान्यता पावलेल्या, वयोवृद्ध योग्याने एका कोवळ्या मुलीला, मुक्ताबाईला, गुरू मानले. ज्या समाजात वय, पुरुषपण आणि कीर्ती यांवर मान ठरत होता, तिथे हे घडले असे परंपरा अभिमानाने सांगते. चांगदेवाच्या जागृतीचा पुरावा शोधायचा तर तो या नमस्कारात आहे. त्याच मुक्ताबाईचे समाधिस्थान याच तालुक्यात, तापीच्या काठी आहे. सन १२९७ मध्ये ती इथे अंतर्धान पावली, असे मानतात. आषाढीसाठी तिची पालखी मुक्ताईनगरहून निघते आणि महिनाभराहून अधिक काळ चालत पंढरपूरला पोहोचते. त्या वाटचालीत सधन बागायतदार आणि भूमिहीन मजूर एकमेकांच्या पाया पडतात. चांगदेवाने केलेला नमस्कार असा दरवर्षी वाटेवर गिरवला जातो.

यानंतर अमळनेर. कापड गिरणीचे मालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. गिरणीच्या नफ्यातून वेदान्ताच्या अभ्यासाची संस्था निघावी, अभ्यासकांना राहण्याजेवणाची चिंता नसावी आणि तालुक्याच्या गावातून देशभर वाचले जाणारे तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक निघावे, ही आजही विलक्षण वाटणारी गोष्ट आहे. घनश्यामदास मलकानी यांनी दीर्घकाळ या कामाची धुरा वाहिली. बंगालचे थोर तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ संस्थेचे संचालक होते. त्यांचा ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ हा ग्रंथ अमळनेरच्या याच संस्थेने १९३० मध्ये प्रसिद्ध केला.

त्या अवघड ग्रंथाचे सूत्र सोप्या शब्दांत असे मांडता येईल. ‘मी’ म्हणजे वस्तू नव्हे, आणि मोकळे होणे म्हणजे ज्याच्याशी आपण स्वतःला जोडून घेतले त्यापासून पायरी-पायरीने वेगळे होणे. बाहेरच्या वस्तूंपासून वेगळेपणाची पहिली जाणीव आपल्याला शरीरामुळे होते, कारण शरीर बाहेरून दिसते तसेच आतूनही कळते. पुढे मनातल्या प्रतिमा आणि विचार यांपासूनही अंतर पडते. मग भावनांपासून. स्वतःच्या आत डोकावून पाहण्याची क्रियादेखील अखेरची पायरी ठरत नाही, तिच्याही पलीकडच्या स्वातंत्र्याची मागणी उरतेच. ध्यानात शांत वाटले की पोहोचलो, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यावे. शांतता हाही एक अनुभव आहे. तो येतो आणि जातो. त्याला जाणणारा कोण, हा प्रश्न मागे राहतोच.

अमळनेरने आणखी एक गोष्ट शिकवली. बुद्धी ही अध्यात्माची वैरी नाही. ‘प्रश्न विचारू नका, फक्त अनुभव घ्या’ असे आज पुष्कळदा सांगितले जाते. तत्त्वज्ञान मंदिरात शंकराचार्यांचे म्हणणेही पूर्वपक्ष-उत्तरपक्ष करून तपासले जात होते. ज्याला प्रश्नाची भीती वाटते ते ज्ञान अजून कुणाच्या तरी ‘मी’ला चिकटलेले आहे, असे खुशाल समजावे.

याच संस्थेत तत्त्वज्ञान शिकायला एक तरुण आला आणि पुढे अमळनेरच्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाला. पांडुरंग सदाशिव साने हे त्याचे नाव. वसतिगृहातल्या मुलांची आजारपणात सेवा करणारे, त्यांची अंथरुणे-पांघरुणे आवरणारे साने गुरुजी १९३० मध्ये शाळा सोडून सत्याग्रहात उतरले. दोनच वर्षांनी ते धुळ्याच्या तुरुंगात होते, आणि तिथेच विनोबा भावेही होते.

२१ फेब्रुवारी १९३२ हा रविवार होता. त्या दिवशी धुळे कारागृहात विनोबांनी गीतेवर पहिले प्रवचन दिले. दर रविवारी एक अध्याय, अशी अठरा प्रवचने १९ जूनला पूर्ण झाली. समोर राजकीय कैदी बसलेले, आणि विनोबांचा शब्द न् शब्द टिपून घेणारे साने गुरुजी. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा जन्मला आणि पुढे भारताच्या कितीतरी भाषांत गेला.

या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की आत्मा अमर आहे आणि देह क्षुद्र आहे हे सांगून विनोबा थांबत नाहीत. त्यांच्याशेजारी ते तिसरी गोष्ट ठेवतात, ती म्हणजे स्वधर्म टाळता येत नाही. देहापलीकडचे स्वरूप ओळखायचे, पण समोर आलेले काम सोडून नव्हे. त्या कामात मन ओतले की कर्माचे ओझे उरत नाही, हा त्यांचा कर्म-विकर्म-अकर्माचा विचार. तो ऐकणाऱ्या कैद्यांना रोजचे काम चुकणार नव्हते आणि भिंतीही हलणार नव्हत्या. सुखसोयी, निवांतपणा, निसर्गरम्य आश्रम यांपैकी काहीही हाताशी नसताना आत्मज्ञानाची चर्चा झाली आणि ती टिकली. आज जागृतीसाठी आधी योग्य वातावरण हवे म्हणणाऱ्यांना धुळ्याचा तुरुंग हे उत्तर आहे.

शास्त्र न वाचलेल्यांनीही हा प्रदेश समृद्ध केला. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. ऐन तारुण्यात वैधव्य आले, शेताचे आणि घराचे कष्ट आयुष्यभर सुटले नाहीत. जात्यावर आणि शेतात सुचलेली त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि नातलगांनी लिहून ठेवली. ती १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपाने आली. मनाचा चंचलपणा त्यांनी जितक्या बारकाईने पाहिला, तितक्या बारकाईने तो पाहायला दूर उभे राहावे लागते. कष्टातही त्या मनाचे खेळ पाहू शकल्या, ही साक्षीवृत्ती नव्हे तर काय? जळगावच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

त्या काळच्या पश्चिम खानदेशात, तळोद्याच्या आदिवासी भागात, १९३०च्या दशकात गुलाम महाराजांनी चालवलेली चळवळ याच कसोटीवर उतरते. त्यांच्या सांगण्यावरून हजारो भिल्लांनी दारू सोडली, स्वच्छता पाळली, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून हाक मारायला सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अरे-तुरे ऐकावे लागले, त्यांना प्रत्येकात मान देण्याजोगे काही आहे हे कळले. तेही दुसऱ्याला मान देऊन कळले.

सगळ्या वाटा एकच सांगतात, असे मात्र म्हणता येणार नाही. जळगावपासून सुमारे साठ किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या भिक्षूंचा धम्म कायम टिकणारा आत्माच मानत नाही. वेदान्त ‘स्वरूप ओळख’ म्हणतो, तर बुद्ध म्हणतो की ज्याला धरून बसलास तो ‘मी’ क्षणोक्षणी बदलणारा प्रवाह आहे. हा मतभेद मोठा आहे आणि तो गोड बोलून पुसू नये. पण ‘मी’ची मूठ सैल झाली की करुणा वाढली पाहिजे, याबद्दल दोघांत दुमत नाही. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात खानदेशातूनही साधक जातात. तिथे शिकवण्याचे शुल्क घेतले जात नाही, खर्च दानावर चालतो. सत्याचा बाजार होऊ नये, ही जाणीव त्यामागे आहे.

या साऱ्यावरून काही गोष्टी स्पष्टपणे सांगायला हव्यात. जो गुरू स्वतःचा ‘मी’ गेल्याचे सांगतो आणि शिष्याकडून पैसा, शरीर किंवा निमूट आज्ञापालन मागतो, त्याचा ‘मी’ गेलेला नाही. महाराष्ट्राने २०१३ मध्ये केलेला जादूटोणाविरोधी कायदा अशा फसवणुकीच्या काही प्रकारांना गुन्हा ठरवतो, आणि तक्रार करणे हा अधर्म नाही. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला ‘दुःख ही माया आहे’ असे ऐकवणे हा वेदान्ताचा गैरवापर आहे. धुळ्याच्या तुरुंगात गीता सांगणाऱ्याने पुढे भूमिहीनांसाठी जमीन मागत देश पायी पालथा घातला, हे विसरू नये. तसेच झोप उडणे, आपण आपले नाही असे सतत वाटणे, जगण्यात रस न उरणे ही प्रत्येक वेळी जागृती नसते. तो आजारही असू शकतो. अशा वेळी घरच्यांनी डॉक्टरांकडे न्यावे, त्यात श्रद्धेला कमीपणा येत नाही.

खानदेशाने आपला हा वारसा उत्सवांपुरता ठेवू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा साने गुरुजींचे आणि तत्त्वज्ञान मंदिराचे पुष्कळ स्मरण झाले. ते आता महाविद्यालयांच्या वर्गात यावे. ‘चांगदेव पासष्टी’ आणि ‘गीता प्रवचने’ यांवर विद्यार्थ्यांनी वाद घालावेत, न पटेल ते न पटल्याचे सांगावे. ज्यांना आतून ओढ आहे त्यांनी शिबिराला जरूर जावे, पण परत आल्यावर घरातल्या माणसांना आपला त्रास कमी झाला का, हे त्यांनाच विचारावे. सुनेला, गड्याला, दाराशी आलेल्या अनोळखी माणसाला आपण कसे बोलतो, हे पाहावे. तिथे फरक पडला नसेल, तर साधना अजून बाकी आहे.