भाजीचं पाणी मोरीत ओतू नका

भगिनींनो, थंडीच्या दिवसांत आपल्या रानात मेथी, चाकवत, करडईची कोवळी भाजी भरपूर असते. शहरातली बाई जुडी विकत घेते, आपण ओंजळी भरभरून खुडून आणतो. आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याला कारणं पुष्कळ आहेत. पण एक कारण आपल्या चुलीपाशीच आहे.

सकाळी शेतावर जायची घाई, म्हणून आपण रात्रीच भाजी चिरून ठेवतो. सकाळी ती चिरलेलीच धुतो, उकडतो, मुठीत घट्ट पिळतो आणि हिरवं पाणी मोरीत ओततो. रक्त तयार व्हायला लागणारं फोलिक आम्ल आणि भाजीतलं लोह अंगी लागायला मदत करणारं क जीवनसत्त्व, दोन्ही पाण्यात विरघळतात. म्हणजे मोरीकडची केळ धष्टपुष्ट आणि घरातली सून फिकी!

घाई खरीच आहे, ती मी नाकारत नाही. म्हणून रात्री भाजी फक्त निवडून ठेवा. चिरू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की सकाळपर्यंत ताजी राहते. सकाळी अख्खीच दोन-तीन पाण्यांतून धुवा, फवारणीची भाजी असेल तर जास्तच. आणि मग जाडसर चिरा. चिरायला घरातल्या मोठ्या मुलालाही बसवा, काही बिघडत नाही.

पालेभाजीला वरून पाणी लागतच नाही. धुतल्यावर पानांना राहिलेलं पाणी पुरतं. फोडणीत टाका, झाकण ठेवा, पानं मऊ पडली की उतरवा. झाकणामुळे रंग थोडा काळपट येईल, येऊ द्या. रंगासाठी सोडा मात्र घालू नका, त्यानं ब आणि क जीवनसत्त्वं मरतात. फोडणीच्या तेलात काटकसर करून अगदी कोरडी भाजीही करू नका. रातांधळेपणा टाळणारं अ जीवनसत्त्व पानांतून अंगी लागायला थोडं तेल लागतंच.

सासूबाई म्हणतील, मेथी पिळली नाही तर कडू लागते. मग मीठ लावून पिळण्याऐवजी मूगडाळ घाला, नाहीतर बेसन पेरा. कडूपणा बेताचा होतो, पोरंही खातात.

अंबाडीची गोष्ट वेगळी. ती इतकी आंबट, की उकडून पिळल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. तिथं मी हट्ट धरणार नाही. पण ते आंबट पाणी वाटीभर आमटीत घालून पाहा, त्या दिवशी चिंच लागणार नाही.

माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई असेल तर ती घासून खाली काढा. तिच्यातलं थोडं लोह भाजीत उतरतं. शिजल्यावर भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, म्हणजे काळी पडणार नाही. लिंबू पिळायचं ते ताटात वाढल्यावर, चुलीवर नव्हे.

आणि जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय असेल तर तो तासाभरानं घ्या. चहा भाजीतलं लोह अंगी लागू देत नाही.