सतीच्या चितेवर कुणाचे अश्रू?

"मालिका ही करमणूक असते, तिच्यात कशाला जात शोधता?" हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ साली आली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे दूरदर्शनवर तिची मालिका गाजली. २०१९ मध्ये कलर्स मराठीने त्याच रमाबाई पेशव्यांवर 'स्वामिनी' आणली. मराठी घरांना पेशवाई माहीत आहे ती अशी: शनिवारवाडा, नथ, देवघर आणि क्षयाने खंगत गेलेला तरुण माधवराव. १७७२ च्या नोव्हेंबरात तो थेऊरला वारला आणि रमाबाई सती गेल्या. कादंबरी तिथे संपते, वाचक रडतो. आमचा आक्षेप त्या रडण्याला आहे. एक बाई जिवंत जळाली म्हणून कुणी रडत नाही, तिचे प्रेम किती थोर म्हणून रडतात.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. त्यांचे म्हणणे सरळ आहे. लग्न जातीबाहेर जाऊ द्यायचे नसेल, तर जातीतली स्त्री-पुरुषांची संख्या जुळवावी लागते. नवरा मेला की बाई 'जादा' ठरते. तिला जाळा, नाहीतर जन्मभर वैधव्यात कोंडा. आणि बायको मेलेल्या पुरुषाला अल्पवयीन मुलगी द्या. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह हे एकाच यंत्राचे तीन भाग. या प्रथांचे गोडवे पुष्कळ गायले गेले, त्या का निर्माण झाल्या हे मात्र कुणी सांगत नाही, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. 'स्वामी' त्याच गोडव्यांच्या परंपरेतली.

आणि या प्रथा खाली पसरतात त्या वरच्यांच्या अनुकरणाने, हेही त्याच निबंधात आहे. आज अनुकरणाचे सर्वांत मोठे साधन टीव्ही आहे.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल समाजात विधवेने दुसरा घरोबा करणे हे पाप नव्हते. लग्नात देज मुलाकडचे देत. आता अक्कलकुवा-तळोद्याकडे काम करताना आम्ही पाहतो, चार पैसे आलेल्या घरांतून आधी हुंडा शिरतो, मग विधवेच्या बांगड्या फोडण्याचा आग्रह. 'चांगल्या घरात असेच असते,' म्हणतात. हे चांगले घर त्यांनी पाहिले कुठे?

"पण इतिहासात घडले ते दाखवायचेच नाही का?" दाखवा की! मग सगळे दाखवा. १८०४ साली पेशव्यांचा खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना कोपरगावला बोलावून दगा दिला आणि विहिरींत टाकून मारले. माधवराव तेव्हा हयात नव्हता, हे मान्य. पण गादी तीच होती.

जुन्या काळावर मालिका काढणे हा दोष नाही. बंगालीत आशापूर्णा देवींच्या 'सुवर्णलता'वर मालिका झाली. तेही उच्चवर्णीयांचेच घर, पण तिथली सून साध्या व्हरांड्यासाठी, मोकळ्या हवेसाठी घराशी भांडते. देवराला इथे रूपकुंवर जळाल्यानंतर १९८७ च्या कायद्याने सतीचे उदात्तीकरण गुन्हा ठरवले. आमच्याकडे अजून त्याला अभिजात साहित्य म्हणतात.

सोनी मराठीवर २०२० मध्ये 'सावित्रीजोती' आली आणि वर्षभरात आटोपली. टीआरपी नाही म्हणे. आपल्या लोकांनी तरी ती पाहिली का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. जोतिराव-सावित्रीमाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवा तिथे येऊन बाळंत होत. त्यातल्याच काशीबाईचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, डॉक्टर केला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्यासोबत रुग्णसेवा करताना सावित्रीमाई गेल्या.

निर्मात्यांना प्रेमकथाच हवी असेल, तर ही घ्या.